पेन्शनर गेल्यावर जोडीदाराची पेन्शन: दोघं हयात असतानाच बघून ठेवायच्या गोष्टी

खाडीकाठचा (राजापूर)

नमस्कार मंडळी. बँकेत पेन्शनच्या टेबलावर बरीच वर्षं काढून आता निवृत्त झालोय. आजूबाजूच्या वाड्यांमध्ये कुणाचा नवरा गेला किंवा बायको गेली की लोक कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेक वेळा येतात ते तेराव्यानंतर, मुंबईची मुलं परत निघायच्या आदल्या दिवशी. मग रात्री उशिरापर्यंत पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा सरकारी आदेश, शोधणं चालतं.

धागा काढायचं कारण हे की जे काम दोघं हयात असताना एका अर्जावर होतं, तेच एक गेल्यावर वर्षभर रेंगाळतं. आणि त्या वर्षभरात मागे राहिलेल्या माणसाच्या हातात पैसा नसतो. म्हणून ज्यांच्या घरात पेन्शनर आहेत त्यांनी आज पीपीओ काढून उघडून बघा.

त्यात जोडीदाराचं नाव, जन्मतारीख आणि दोघांचा एकत्र फोटो आहे का? कुटुंब निवृत्तिवेतनाची (पेन्शनर गेल्यावर जोडीदाराला मिळणाऱ्या कुटुंब पेन्शनची) रक्कम लिहिलेली असते, बहुतेक वेळा दोन दरांनी, ती वाचा. मग ते नाव आधार आणि पासबुकाशी अक्षर-अक्षर जुळवून बघा. खरी अडचण इथे येते. आपल्याकडे बाईला लग्नात नवीन नाव ठेवलं जायचं. पीपीओत सुलोचना, आधारवर सुलभा, मतदार यादीत आणखी तिसरंच. नवरा हयात असताना त्याने स्वतःच्या सहीने 'ही माझी पत्नी, दोन्ही नावं तिचीच' असा अर्ज पुराव्यांसकट आपल्या शेवटच्या कार्यालयात आणि कोषागारात (सरकारी ट्रेझरीत) दिला, तर दुरुस्ती सरळ होते. तो गेल्यावर तिला प्रतिज्ञापत्र, राजपत्र, लग्नाचा पुरावा हे सगळं ऐंशीच्या घरात गोळा करावं लागतं. पन्नास वर्षांपूर्वीचं गावातलं लग्न कुठल्या रजिस्टरमध्ये सापडणार?

दुसरं, पेन्शनचं खातं जोडीदाराबरोबर संयुक्त करून घ्या. पीपीओत जोडीदाराचं नाव असेल आणि खातं दोघांचं असेल तर बँकेने कुटुंब पेन्शनसाठी नवीन खातं उघडायचा आग्रह धरू नये, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना तर अशा वेळी साधा अर्ज, मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत आणि वयाचा पुरावा एवढ्यावर काम होतं.

तिसरं, पीपीओ लॅमिनेट करू नका. पावसाळ्यात कसर लागते म्हणून लोक हौसेने करून आणतात, पण त्यावर कार्यालयाला नोंदी घालायच्या असतात. जाड प्लॅस्टिकच्या फाइलीत ठेवा आणि झेरॉक्स मुलांकडे देऊन ठेवा.

प्रश्न असतील तर विचारा, मला जे पक्कं माहीत आहे तेवढंच सांगेन.

चिपळूणकरीण

फार गरजेचा धागा. वाचनखूण साठवली. माझे आई-बाबा दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, दोघंही निवृत्त. बाबा गणपतीच्या आधी गेले. आईला तिची स्वतःची पेन्शन आहे. ओळखीच्या एकांनी सांगितलं की स्वतःची पेन्शन असेल तर नवऱ्याची मिळत नाही, दोनपैकी एकच निवडावी लागते. आईने ते ऐकून विषयच सोडून दिलाय. खरं आहे का हे?

दापोलीकर गुरुजी

अजिबात खरं नाही, ताई. आईंची पेन्शन ही त्यांच्या नोकरीची. बाबांच्या मागे मिळणारी कुटुंब पेन्शन ही बाबांच्या नोकरीची. दोन्ही मिळतात. पती किंवा पत्नीसाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. ती मर्यादा मुलं आणि आईवडिलांच्या बाबतीत बघतात. आणि उलट बाजूनेही तसंच आहे. बायको शिक्षिका असेल आणि ती आधी गेली तर नवऱ्यालाही कुटुंब पेन्शन आहे. आमच्या तालुक्यात असे विधुर शिक्षक आहेत ज्यांनी 'बायकोची पेन्शन पुरुषाला कशी' म्हणून कधी अर्जच केला नाही.

एक लक्षात ठेवा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा अर्ज कोषागारात द्यायचा नसतो. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात द्या, तिथून तो जिल्हा परिषदेच्या वित्त विभागाकडे जातो. कोषागाराचा रस्ता राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी, म्हणजे महसूल, पोलीस, वनखातं वगैरे. लोक चुकीच्या दारात उभे राहतात आणि तिथला माणूस 'आमच्याकडे नाही' एवढंच सांगून मोकळा होतो. दिलेल्या प्रत्येक अर्जाची आवक-शिक्का मारलेली पोच घ्या. पेन्शन बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनची आहे, त्यामुळे उशीर झाला तरी मधली थकबाकी मिळते. आईंना सांगा, विषय सोडू नका.

चिपळूणकरीण

गुरुजी, खूप आभार. आईला आत्ताच वाचून दाखवलं. उद्या पंचायत समितीत जातोय.

लालबाग ते लांजा

माझे वडील मध्य रेल्वेत होते. साठाव्या वर्षी निवृत्त, बासष्टाव्या वर्षी गेले. गंमत नाही, खरोखर कळत नाही म्हणून विचारतो. आईला सुरुवातीला वडिलांपेक्षा जास्त पेन्शन येत होती. बँकेतले साहेबही म्हणाले की बहुतेक चुकून जास्त येतेय, परत मागतील. आम्ही ते पैसे भीतीने वापरलेच नाहीत. मग काही वर्षांनी अचानक पेन्शन कमी झाली. आई म्हणते, कुणीतरी कापली. नक्की काय झालं असेल?

खाडीकाठचा

हे समजावून सांगतो, कारण हा प्रश्न घरोघरी आहे. आकडे सोपे घेऊ.

समजा वडिलांचा शेवटचा मूळ पगार ५०,००० होता. पेन्शन त्याच्या निम्मी, २५,०००. निवृत्तीच्या वेळी त्यांनी ४० टक्के विकली, म्हणजे अंशराशीकरण करून एकरकमी पैसे घेतले (ते बहुधा घर दुरुस्तीला किंवा लग्नाला गेले असतील). म्हणून दरमहा मूळ १५,०००च हातात येत होते. महागाई भत्ता मात्र पूर्ण २५,०००वर.

ते गेल्यावर विकलेल्या भागाची कपात संपते. कुटुंब पेन्शनमधून ती होत नाही. शिवाय केंद्राच्या नियमाने पेन्शनर गेल्यावर सुरुवातीला वाढीव दर मिळतो, शेवटच्या पगाराच्या ५० टक्के. तो सात वर्षं, किंवा गेलेली व्यक्ती ६७ वर्षांची झाली असती त्या तारखेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. वडील ६२व्या वर्षी गेले, म्हणजे आईंना पाच वर्षं २५,०००. त्यानंतर साधा दर, शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १५,०००. अधिक महागाई भत्ता.

तेव्हा आधीची रक्कम बरोबर होती आणि नंतरची घटही नियमाने झाली. कुणी कापली नाही. पीपीओवर वाढीव दराची शेवटची तारीख लिहिलेली असते, ती बघा आणि मुलांनी आईला आधीच सांगून ठेवा. तारीख नेमकी तीच आहे का, हे मात्र जरूर तपासा. वाढीव दर मुदतीआधी बंद झालेला मी पाहिलाय आणि मुदतीनंतर चालू राहून मग वसुली निघालेलीही पाहिलीय. वसुली आली की म्हातारी बाई हादरते.

राज्य सरकारच्या आणि जिल्हा परिषदेच्या लोकांनी स्वतःच्या पीपीओवरची तारीखच प्रमाण मानावी. निवृत्तीचं वय वेगळं असल्याने मुदतीचा हिशोब सारखा असेलच असं नाही.

लालबाग ते लांजा

डोक्यावरचं ओझं उतरलं. आईने चार वर्षं ते पैसे बाजूला ठेवलेत, स्वतःचं मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा पुढे ढकललं होतं. आता करून घेतो.

वेंगुर्ल्याची लेक

माझी काकू म्हणते, "माका कित्याक व्हयी पेन्शन, झील आसत मा माझे." काका महसूल खात्यात होते. ते गेल्यापासून तिन्ही मुलगे सांगतायत की आधी कोर्टातून वारस दाखला काढू, मग पेन्शनचं बघू, कारण त्यात सगळ्यांचा वाटा आहे. जमिनीचा वाद आधीच चालू आहे. पेन्शनही त्यात अडकलीय. काकू गप्प बसते.

खाडीकाठचा

काकूंना कुणीतरी समोर बसून सांगा की ही पेन्शन इस्टेट नाही. ती वाटायची गोष्टच नाही. काकांना मृत्युपत्रातसुद्धा ती कुणाला देता आली नसती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली व्हायोलेट इसाक यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय की कुटुंब पेन्शन नियमात ज्याचा हक्क आहे त्यालाच मिळते, मृताच्या संपत्तीचा ती भाग होत नाही. पत्नी हयात आहे, पीपीओत नाव आहे, म्हणजे ती पूर्ण त्यांचीच. मुलांची सही लागत नाही, संमती लागत नाही, कोर्टाचा वारस दाखलाही लागत नाही. मृत्यूचा दाखला, मूळ पीपीओ, फोटो, आधार, पासबुक घेऊन काकूंनी ज्या कोषागारातून काकांची पेन्शन निघत होती तिथे जायचं. ओरोसला जाणं जमत नसेल तर तालुक्याच्या उपकोषागारात चौकशी करा.

काका गेले त्या दिवसापर्यंतची जी पेन्शन त्यांच्या नावे येणं बाकी असेल ती थकबाकी वेगळी. तिच्यासाठी काकांनी नॉमिनेशन केलं असेल तर त्याप्रमाणे. वाद असलाच तर तो तेवढ्यापुरता. काकूंची दरमहाची पेन्शन त्यासाठी थांबवायची नाही.

झील एकुलतो (मालवण)

वेंगुर्ल्याच्या ताईंना एक सांगतो. पेन्शन सुरू झाली की काकूंचं एटीएम कार्ड कुणाच्या पाकिटात असतं तेही बघा. आमच्या वाडीत दोन आज्या आहेत, कार्ड मुंबईला. त्यांना आपली पेन्शन किती हेही माहीत नाही. औषधाला पोस्टमनकडून उसने घेतात. लिहायला बरं वाटत नाही, पण हे आहे.

दापोलीकर गुरुजी

खरं आहे. आणि त्याच्या उलट गोष्ट: पेन्शनर गेल्यावरही त्याच्या खात्यात पेन्शन येत राहते आणि घरचे कार्डाने काढत राहतात. हे करू नका. पेन्शनर गेला की बँकेला आणि कोषागाराला लगेच लेखी कळवा. नंतर ती रक्कम वसूल होते आणि कुटुंब पेन्शनचं प्रकरणही अडकतं. बिचाऱ्या आईला मुलाच्या घाईचा त्रास.

लोटे परशुराम

मी धाग्याच्या विषयात बसतो की नाही ठाऊक नाही. माझा धाकटा भाऊ एमआयडीसीत एका कंपनीत होता. सहा वर्षं नोकरी. अपघातात गेला. वहिनी एकोणतीस वर्षांची, दोन लहान मुलं. कंपनीतल्या माणसाने पीएफचे पैसे मिळवून दिले आणि म्हणाला की पेन्शनला दहा वर्षं लागतात, तुमची झाली नाहीत.

खाडीकाठचा

दादा, विषयात बसता. आणि हे वाचून वाईट वाटलं, कारण ती माहिती चुकीची आहे.

दहा वर्षांची अट स्वतः सभासदाला म्हातारपणी पेन्शन मिळण्यासाठी आहे. नोकरीत असताना सभासद गेला तर कर्मचारी पेन्शन योजना १९९५, म्हणजे ईपीएस-९५ मध्ये, पेन्शन फंडात एका महिन्याची वर्गणी भरली गेली असली तरी विधवेला पेन्शन आहे. शिवाय दोन मुलांना, प्रत्येकाला विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. मोठा २५चा झाला की त्याची बंद होते, तिसरं मूल असतं तर त्याची सुरू झाली असती. विधवा पेन्शन किमान १,००० रुपये आहे. रक्कम फार नाही हे मान्य, पण ती आयुष्यभराची आहे. पुनर्विवाह केला तर मात्र तिची थांबते.

अर्ज नमुना १०-डी वर. मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्माचे दाखले, वहिनींचं बँक खातं आणि आधार लागेल. आणि ईडीएलआयचा, म्हणजे पीएफसोबत असणारा जीवन विमा मिळाला का ते विचारा. ती वेगळी रक्कम असते, वर्षभर सलग नोकरी असेल तर किमान अडीच लाख आणि जास्तीत जास्त सात लाख. तो अर्ज नमुना ५-आयएफ. कंपनी सही देत नसेल तरी पीएफ कार्यालयात थेट जा. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफ कार्यालय जिल्ह्या-जिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर घेतं. रत्नागिरीचं ठिकाण आधी विचारून घ्या आणि वहिनींना सोबत न्या.

लोटे परशुराम

हे तीन वर्षं कुणी सांगितलं नाही. पुढच्या सत्तावीसला जातो.

माजी सैनिक, मंडणगड

फौजेतल्या लोकांसाठी लिहितो. बायकोचं नाव आणि लग्नाची नोंद रेकॉर्ड ऑफिसला पार्ट टू ऑर्डरमध्ये (फौजेतल्या नोंदींच्या आदेशात) झालेली असते. पण जुन्या जवानांच्या कागदात नावात फरक भरपूर. आता पेन्शन 'स्पर्श' या फौजेच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत आहे, तिथे लॉगिन करून पत्नीची माहिती बघता येते. जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्गनगरी तिन्ही ठिकाणी आहे. मागे राहिलेल्या वीरपत्नी आणि माजी सैनिकांच्या विधवा यांचंच काम ते करतात. संकोच करू नका.

काजूवाली

हयातीच्या दाखल्याबद्दल. माझ्या सासूबाई काजूच्या कारखान्यात बिया सोलायच्या. चिकाने बोटांची कातडी गेलीय, ठसा मशीनवर उमटतच नाही. दर नोव्हेंबरला नुसता ताप. चेहऱ्याने होतो असं ऐकलं, ते खरं का?

खाडीकाठचा

होय. केंद्राचे, रेल्वेचे, फौजेचे, ईपीएसचे पेन्शनर असतील तर जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला, चेहऱ्यावरून होतं, साध्या अँड्रॉइड मोबाइलवर. 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन अॅप लागतात. उजेडात, पांढऱ्या भिंतीसमोर बसवा आणि डोळे मिचकावायला सांगा. पडवीत दुपारच्या उजेडात पटकन होतं, माजघरात होत नाही. पोस्टमन घरी येऊनही करून देतो. ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरच हवा असं नाही, दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो.

राज्य सरकारच्या पेन्शनरांची यादी कोषागाराकडून बँकेत येते, तिथे नावासमोर सही किंवा अंगठा करायचा, हा जुना मार्गही चालू आहे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी बँकेला लेखी कळवा, माणूस घरी यायला हवा.

आणि हो, 'हयातीचा दाखला संपलाय, ओटीपी सांगा' असा फोन आला तर ठेवून द्या. कोषागार ओटीपी मागत नाही.

वेंगुर्ल्याची लेक

अवांतर वाटेल पण विचारते. आमच्याकडचे बरेच पेशंट बांबोळीला (गोव्यातल्या सरकारी हॉस्पिटलात) नेतात आणि तिथेच जातात. मृत्यूचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळेल का?

दापोलीकर गुरुजी

नाही. मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते. बांबोळीला झाला तर गोव्यात, कोल्हापूरला झाला तर तिथल्या महापालिकेत. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. हॉस्पिटलमधून निघतानाच नाव नीट लिहून घ्या, पीपीओत जसं आहे तसंच. पाच-सहा मूळ प्रती काढून ठेवा, पुन्हा घाट उतरून जावं लागत नाही.

प्रतिज्ञापत्राबद्दलही सांगून टाकतो. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. तरीही कचेरीबाहेर विधवांकडून स्टॅम्पचे पैसे घेतले जातात, याचा मला फार राग येतो.

परत गावाक

नाजूक विषय आहे. माझ्या आत्याला नवऱ्याने लग्नानंतर काही वर्षांनी गावातच ठेवलं आणि मुंबईत दुसरा संसार केला. घटस्फोट नाही. तो महापालिकेतून निवृत्त झाला, आता गेला. कागदावर दुसऱ्या बाईचं नाव असणार. आत्या म्हणते, मला काही मागायचं नाही.

खाडीकाठचा

आत्यांनी काय करायचं ते त्यांनीच ठरवावं. पण हक्क काय आहे हे त्यांना माहीत असायला हवं. घटस्फोट झालेला नाही, म्हणजे कायद्याने पत्नी त्याच आहेत. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानुसार पहिली पत्नी हयात असताना केलेलं दुसरं लग्न अवैध ठरतं आणि कागदावर नाव लिहून दिल्याने कुणी पत्नी होत नाही. दुसऱ्या संसारातल्या मुलांचा विचार मात्र वेगळा होतो, ती मुलं कायद्याने औरस मानली जातात.

आत्यांनी नवऱ्याच्या शेवटच्या खात्यात तातडीने लेखी हरकत द्यावी, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. लग्नपत्रिका, जुनं रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, काहीही असेल ते जोडा. इथे मात्र वकील लागेल. उत्पन्न कमी असलेल्यांना आणि कुठल्याही स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, जिल्हा न्यायालयातच कार्यालय असतं.

परत गावाक

आत्या ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, हरकत तरी देऊन ठेव.

माडाची वाडी

आम्ही दोघं बहीण-भाऊ. भाऊ जन्मापासून मतिमंद, आता बेचाळीस वर्षांचा. वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, वय ८१. आईला हृदयविकार. दोघांनंतर भावाचं काय, हाच विचार असतो. त्याला काही मिळेल का?

खाडीकाठचा

मिळेल, आणि ही तजवीज वडील हयात आहेत तोवर करा, शक्यतो याच महिन्यात. अपंगत्वामुळे स्वतःचा उदरनिर्वाह करू न शकणाऱ्या मुलाला आईवडिलांनंतर आयुष्यभर कुटुंब पेन्शन आहे. वयाची अट नाही. पालकांना आपल्या हयातीतच त्याचं नाव पीपीओत लावून घेता येतं. तसं केलं की पुढे फक्त मृत्यूचा दाखला द्यावा लागतो. सिव्हिल हॉस्पिटलचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी ते. त्याच्या नावे खातं उघडा, पालक म्हणून तुमचं नाव लागेल.

वडिलांच्या सहीचा अर्ज असा:

'प्रति, कार्यालय प्रमुख (शेवटचं कार्यालय). विषय: अपंग मुलाचे नाव पीपीओमध्ये समाविष्ट करणेबाबत. महोदय, मी आपल्या कार्यालयातून दि. ___ रोजी निवृत्त झालो. पीपीओ क्रमांक ___. माझा मुलगा ___, जन्मतारीख ___, हा बौद्धिक अपंगत्वामुळे स्वतःचा उदरनिर्वाह करू शकत नाही. माझ्या व माझ्या पत्नीच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्याचे नाव समाविष्ट करावे, ही विनंती. सोबत: अपंगत्व प्रमाणपत्र, जन्माचा दाखला, आधार, पीपीओची प्रत, मुलाच्या उत्पन्नाबाबत माझे निवेदन.'

दोन प्रती करा. वडिलांची सही थरथरत असेल तर सहीसोबत अंगठाही घ्या, दोन साक्षीदारांसमोर.

माडाची वाडी

बाबांनी सही केली. अंगठाही घेतला. शेजारचे दोघं साक्षीला आले होते. सकाळी स्पीड पोस्टाने पाठवते आणि पोच इथे कळवते.